सहावी खेप

मावशीला मावशी म्हणणारी माणसं इतकी होती, की त्यांतले सख्खे भाचे किती, हे विचारलं तर तिलाही थोडं थांबावं लागलं असतं. इस्पितळात वॉर्डात काम करणाऱ्या बाईला मावशी आणि पुरुषाला मामा म्हणायचं, ही तिथली रीत. डॉक्टर बदलतात, सिस्टर बदलतात, भिंतींचे रंग बदलतात. मावशी आणि मामा तेच राहतात. ही मावशी एकतीस वर्षं राहिली. तिचं काम एकच, माणसाला इथून तिथं न्यायचं. अपघात विभागातून एक्स-रेच्या खोलीत, तिथून वॉर्डात, वॉर्डातून ऑपरेशनच्या दारापर्यंत आणि नशीब बरं असेल तर शेवटी फाटकापर्यंत. कधी स्ट्रेचरवरून, बहुतेक वेळा चाकांच्या खुर्चीवरून. अशा प्रत्येक फेरीला तिथले लोक खेप म्हणत. "मावशी, एक खेप आहे," असं कुणी म्हटलं, की ती चहाचा कप तसाच ठेवून उठायची आणि परत येऊन तोच गार चहा प्यायची. पुढं पुढं तर गरम चहा आपल्याला सोसतच नाही, असं तिनं जाहीर करून टाकलं होतं.

खुर्ची ढकलणं यात शिकण्यासारखं काय आहे, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा उतारावरून भरलेली खुर्ची नेऊन पाहावी. मावशीचे नियम ठरलेले होते. माणूस बसेपर्यंत ब्रेक सोडायचा नाही. पाय पट्टीवर नीट ठेवल्याशिवाय हलायचं नाही. आणि उतार आला, की खुर्ची उलटी फिरवायची. आपण आधी पाठमोरं उतरायचं आणि खुर्ची आपल्या अंगावर घेत मागोमाग आणायची. म्हणजे पेशंट तोंडावर जात नाही. तोंडाची मात्र ती फटकळ. वाटेत कुणी रडायला लागलं तर म्हणायची, "रडायचं ते वॉर्डात जाऊन रडा. तुम्ही रडलात की मला रस्ता दिसत नाही." ऐकणाऱ्याला ते लागायचं, आणि दोन वळणं गेल्यावर लक्षात यायचं, की बाईचेच डोळे भरलेत.

नवरा लवकर गेला. मुलाला तिनं या खेपांवरच वाढवलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायला शिकला, त्या कामावर परदेशी गेला, तिथं रुळला, संसाराला लागला. मावशी निवृत्त झाली तरी इस्पितळामागच्या गल्लीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली तिनं सोडली नाही. निवृत्ती ही कागदावरची गोष्ट. गल्लीत कुणाच्या छातीत दुखलं, कुणाच्या पोराचा हात मोडला, की पहिली थाप मावशीच्या दारावर पडायची. कोणत्या दारानं शिरायचं, कुणाला हाक मारायची, कुठं गप्प बसायचं आणि कुठं आवाज चढवायचा, हे तिला ठाऊक. ती पायांत चपला सरकवत जिना उतरायची आणि घरच्यांचा निम्मा धीर तिथंच परत यायचा.

अशी ही मावशी एके दिवशी मोरीत पाय घसरून पडली. हाड शाबूत राहिलं. कोपर खरचटलं आणि कंबर हिरवीनिळी झाली. पडली ती जेमतेम तीन फुटांवरून, पण बातमी साडेतेरा हजार किलोमीटर गेली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीनं मुलाला फोन केला होता. चांगल्या मनानंच केला होता, आणि चांगल्या मनानं केलेलं काम नेहमी दुसऱ्यालाच निस्तरावं लागतं.

"आई, आता पुरे," मुलगा फोनवर म्हणाला. "खोली सोड आणि इकडे ये. कायमची."

"पडले म्हणून घर सोडायचं? लहानपणी तू दिवसातून चारदा पडायचास. तुला सोडलं का मी?"

"चेष्टा नको. घरमालकाशी मी बोललोय. महिनाअखेर खोली रिकामी करायची."

घरमालक त्या खोलीवर कधीपासून टपला होता, आणि आता तिच्याच मुलानं त्याच्या हातात किल्ली दिल्यासारखं झालं होतं.

"मला न विचारता बोललास?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस? आई, उद्या काही झालं तर मला तुझ्यापर्यंत पोचायला बावीस तास लागतात. बावीस! मी इथं बसून काय करू?"

"इतके दिवस करतोयस तेच. उंटावरून शेळ्या हाक."

"आई, तुला आता एकटीनं काही जमत नाही, हे मान्य कर."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. एरवी मावशी कदाचित चार दिवस रुसली असती आणि पाचव्या दिवशी नातीच्या ओढीनं विरघळलीही असती. पण 'जमत नाही' म्हटल्यावर तिचं डोकं फिरलं.

"तुझ्या घरी यायला किती तास म्हणालास?"

"बावीस. मध्ये विमान बदलावं लागतं. म्हणून तर मी न्यायला येणार आहे."

"येऊ नकोस. मी एकटी येते. माझ्या पायांनी. मधल्या ठिकाणी माझं मी विमान बदलते. तशी आले, तर खोली सोडायचं पुन्हा तोंडातून काढायचं नाही. तीन महिने राहीन, नातीला बघेन आणि माझ्या घरी परत येईन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तू म्हणशील तिथं बसेन. खुर्ची दिलीस तर खुर्चीत."

"शब्द?" मुलानं विचारलं.

"शब्द. पण घरमालकाला सांग, महिनाअखेरचं आता काही धरून चालू नकोस म्हणावं."

तिकिटाची चौकशी करायला ती स्वतः गेली. औषधांचं दुकान आणि किल्लीवाला यांच्यामध्ये तिकीटवाल्याचं चिंचोळं दुकान होतं. त्याच्या बापाला मावशीनं दोनदा ऑपरेशनच्या दारापर्यंत नेलं होतं आणि दोन्ही वेळा परत आणलं होतं, त्यामुळे तो तिला पाहताच उठून उभा राहिला.

"मला एवढंच सांग," मावशी स्टुलावर बसत म्हणाली, "हे नेमकं आहे किती लांब?"

त्यानं टेबलावरचा पृथ्वीचा गोल पुढं ओढला. आपल्या शहरावर एक बोट ठेवलं, मुलाच्या शहरावर दुसरं, आणि दोन्हींमध्ये दोरा ताणला. "जवळच्या वाटेनं साडेतेरा हजार किलोमीटर."

"हा दोरा वर बर्फात कशाला गेला? नकाशात तर ते शहर आपल्या डाव्या हाताला समोरच दिसतं."

"नकाशा सपाट, पृथ्वी गोल. गोलावरची जवळची वाट कागदावर वाकडी दिसते. पण तुम्हाला त्या वाटेनं जायचंच नाही. मध्ये एक थांबा आहे." त्यानं दोरा मधल्या एका शहरावर दाबून धरला. दोऱ्याला कोपर फुटलं. "इथपर्यंत साडेपाच तास. इथं अडीच तास बसायचं, दुसरं विमान धरायचं. मग सलग चौदा तास. झाले बावीस."

"कधी निघायचं?"

"सकाळी सातला. त्याच दिवशी संध्याकाळी सातला पोचाल."

मावशीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मग बारा तास झाले. बाकीचे दहा कुठं गेले?"

"तिकडचं घड्याळ साधारण दहा तास मागं आहे. तुम्ही चालला पश्चिमेला, सूर्यही चालला पश्चिमेला. दिवस संपता संपत नाही. पण फुकट काही नसतं हां. परत येताना ते दहा तास तुमच्याकडून काढून घेतात."

"घेऊ देत की. परत यायचंय म्हणून तर चाललेय."

तिकीटवाला हसला, पण त्याच्या कपाळावर आठी होती. "मावशी, रागावू नका, पण एवढं अंतर एकटीला झेपेल?"

"इस्पितळात दिवसाला किती चालत असेन मी?"

त्यानं कॅल्क्युलेटर जवळ घेतला. मोठा कॉरिडॉर, जिने, उतार, सगळं धरून दिवसाला आठ किलोमीटर तरी होणारच, असं दोघांचं एकमत झालं. सुट्ट्या वजा केल्या, वर्षाला दोनशे नव्वद दिवस धरले, एकतीस वर्षांनी गुणलं. त्यानं आकडा दोनदा तपासला.

"बहात्तर हजार किलोमीटर, मावशी. भागिले साडेतेरा हजार… पाच खेपा, वर थोडे सुटे."

"पाच?"

"पाच. जा, या, जा, या, जा." त्याची बोटं थांबली. "म्हणजे हिशेबानं तुम्ही शेवटी तिकडेच राहिलात की!"

"राहिले तर राहिले," मावशी उठत म्हणाली. "सहावी खेप मारून परत येते. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही तिकिटं काढ."

जायच्या दिवशी शिवणवालीनं रडून घेतलं. मावशीनं तिला "आता फोन करू नकोस कुणाला" एवढंच बजावलं आणि ती गाडीत बसली.

विमानतळावर सगळं इस्पितळासारखंच होतं. लांब पांढरे दिवे, फरशीचा वास, रांगा आणि कुणालाही काही विचारलं तर पुढच्या खिडकीकडे दाखवलेलं बोट. मावशीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खिडकीतल्या मुलीनं तिचा पासपोर्ट पाहिला, पडद्यावर नजर टाकली आणि गोड हसून म्हणाली, "आजी, बाजूला बसा हं. तुमची व्हीलचेअर येतेय."

"माझी काय येतेय?"

"तुमच्या नावावर सांगितलेली आहे. इथं, मधल्या विमानतळावर आणि शेवटीही. मुलानं सांगितली असेल. सगळेच सांगतात. पायांना काही झालेलं नसलं तरी सांगतात, म्हणजे आईवडील वाट चुकत नाहीत."

तेवढ्यात एक मिशीवाला माणूस खुर्ची घेऊन आलाच. खुर्ची चांगली होती, नवी, चाकं न कुरकुरणारी. मावशी तिच्याकडे पाहत राहिली. खुर्चीत बसली की शब्द मोडला. मुलानं हातमिळवणी करता करता पायात पाय घातला होता.

"मी बसणार नाही," ती म्हणाली.

"आजी, पैसे पडत नाहीत," मिशीवाला म्हणाला.

"पैशाचं कोण बोलतंय? एकतीस वर्षं मी ही ढकललीय. हिच्यात बसायची वेळ कुणावर आणि कधी येते, ते मला ठाऊक आहे. माझी आलेली नाही."

"पण माझी ड्यूटी आहे. मला तुम्हाला गेटापर्यंत पोचवायचंय."

"मग पोचव. मी पुढं चालते, तू मागून ये."

"शाब्बास, ताई!" मागून आवाज आला. रांगेत तिच्या मागं एक उंच म्हातारा काठीवर रेलून उभा होता. "बरोबर बोललात. मीही पोराला सांगितलं, खुर्चीबिर्ची नाव काढायचं नाही. चाळीस वर्षं बस चालवलीय मी. लोकांना बसवून नेलं, मला कोण बसवून नेणार?"

मावशीनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डावा पाय तो टाकत नव्हता, ओढत होता. वजन सगळं उजव्यावर. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तेही अलीकडेच. पण कौतुक करणाऱ्या माणसाला असं तोंडावर कुठं सांगायचं? ती नुसती हसली आणि चालायला लागली. मालकिणीमागून कुत्रं यावं तशी रिकामी खुर्ची तिच्यामागून गेटापर्यंत आली.

विमान धावपट्टीवर धुक्यात दीड तास उभं राहिलं. मावशी खिडकीशी बसून मनात वजाबाकी करत होती. अडीच तासांतून दीड गेला, उरला एक. त्या एका तासात परक्या जागी दुसरं विमान शोधायचं. ते चुकलं, तर मुलाला काही बोलायचीही गरज पडणार नव्हती.

मधल्या विमानतळावर उतरली तेव्हा साडेपाच तास आणि वर दीड तास बसून तिची कंबर लाकूड झाली होती. मोरीत लागलेली जागा ठणकत होती. विमानाच्या दाराशीच निळ्या गणवेशातली एक बाई तिच्या नावाची पाटी आणि खुर्ची घेऊन उभी होती. असे प्रवासी रोज नेऊन नेऊन तिला मावशीची भाषा मोडकीतोडकी यायला लागली होती.

"बसा, आई. लवकर."

"नाही बसणार. वाट दाखव, मी चालते."

बाईनं कपाळाला हात लावला. "आई, गेट लांब. खूप लांब. तपासणीला रांग, एवढी!" तिनं दोन्ही हात पसरले. "खुर्चीला वेगळा रस्ता. खुर्ची नाही, तर रांग. रांग, तर विमान गेलं. मग मला साहेब ओरडणार."

मावशी दोन पावलं टाकून थांबली. कंबरेतून कळ निघाली आणि गुडघ्यापर्यंत गेली. पुढं काचेच्या भिंतींमधला रस्ता पसरलेला होता, त्याचं टोक दिसत नव्हतं. पायांनी गेली तर विमान जाणार होतं आणि बसून गेली तर खोली. खुर्चीची गादी निळी होती. आत्ता कोण पाहतंय, असं एक क्षण तिच्या मनात आलंसुद्धा. मुलगा इथून अजून चौदा तास लांब होता. मग तिच्या लक्षात आलं, की पाहणारी ती स्वतःच आहे, आणि तिचाच तिला राग आला.

इतक्यात तिला भिंतीशी सकाळचा तो काठीवाला बसड्रायव्हर दिसला. काठी खाली पडलेली, दोन्ही तळवे काचेला टेकलेले, चेहरा चुन्यासारखा. माणसं त्याला वळसा घालून जात होती.

"काय झालं, ड्रायव्हरसाहेब?"

"काही नाही. जरा… गाडी तापलीय. निवली की निघतो."

"कुठं जायचंय?"

त्यानं शहराचं नाव सांगितलं. तेच विमान, तोच एक तास.

"यांना खुर्ची मिळेल?" मावशीनं निळ्या बाईला विचारलं.

"आता नाही. तीन विमानं उशिरा आली. सगळ्या खुर्च्या गेल्या. आधी सांगावं लागतं."

मावशीनं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा ड्रायव्हरकडे. मग तिनं खुर्ची त्याच्यापाशी ओढली, ब्रेक लावला आणि पायपट्ट्या वर केल्या.

"बसा."

"मी? छे! तुम्ही नाही बसलात ते!"

"मी नाही बसले कारण मला ढकलता येतं. तुम्हाला येतं का? येत असेल तर या मागं, मी बसते."

"ताई, मी सकाळीच म्हणालो होतो…"

"सकाळी तुमचा पाय वेगळा होता. बंद पडलेली बस तुम्ही रस्त्यात तशीच उभी ठेवायचात का? बाजूला घ्यायचात ना?"

"बाजूला घ्यायचो," ड्रायव्हर पुटपुटला.

"मग घ्या. माणूस मोडला तरी वाकणार नाही म्हणतो, ते ठीक. तुम्ही मोडलाही आहात आणि वाकतही नाही. पाठ माझ्याकडे. हात दांड्यावर. आता खाली."

तो बसला. बसताना त्याच्या तोंडून जो सुस्कारा निघाला, त्यात सकाळपासूनचा हट्ट होता.

निळी बाई घाबरली. "आई, चिठ्ठीवर नाव तुमचं. बसले हे. आणि ढकलायचं मी. तुम्ही नाही!"

"तू हे घे," म्हणून मावशीनं स्वतःची पिशवी तिच्या एका खांद्याला अडकवली आणि ड्रायव्हरची जड बॅग दुसऱ्या हातात दिली. "आता सांग, तुझा कोणता हात मोकळा आहे? कुणी बोललं तर माझ्याकडे बोट दाखव. म्हण, म्हातारी ऐकत नव्हती. खोटंही होणार नाही. चल पुढं, वाट दाखव."

आणि मावशीनं दांडे धरले.

धरले मात्र, आणि कंबर जराशी सैल झाली. ही गोष्ट वॉर्डातल्या सगळ्या मावशी-मामांना ठाऊक असते, पण बोलत कुणी नाही. दुहेरी पाळी झाली, पाय उचलेनात, की खुर्चीची खेप मागून घ्यायची. बघणाऱ्याला वाटतं, ही पेशंटला नेतेय. खरं म्हणजे थोडं थोडं पेशंटही तिला नेत असतो. मावशीनं अंगाचा भार दांड्यांवर दिला आणि ती निघाली.

निळी बाई पुढं धावत होती, "बाजूला, बाजूला" असं कुठल्याशा भाषेत ओरडत होती. ड्रायव्हरला आता कंठ फुटला होता. "डावीकडे घ्या! त्या पोराला हॉर्न द्या, हॉर्न!"

"तोंड बंद ठेवा. ड्रायव्हरशी बोलू नये, अशी पाटी नव्हती का तुमच्या बसमध्ये?"

"होती. पण कुणी वाचायचं नाही."

एका ठिकाणी लांब उतार लागला. मावशीनं सवयीनं खुर्ची गर्रकन उलटी फिरवली आणि ती पाठमोरी उतरायला लागली.

"अहो, रिव्हर्समध्ये?" ड्रायव्हर ओरडला. "एवढ्या गर्दीत रिव्हर्स?"

"सरळ नेलं तर तोंडावर पडाल. मागं काय आहे ते तुम्ही बघू नका, मी बघते."

खुर्चीच्या रस्त्यावर अडवणारा पहारेकरी होता. त्यानं खुर्ची पाहिली, म्हातारा पाहिला, निळा गणवेश पाहिला आणि साखळी काढली. पलीकडे रांग खरोखरच निळी बाई म्हणाली होती तेवढी होती. तिघं गेटाशी पोचली तेव्हा दार ओढून घ्यायची तयारी चालली होती. निळ्या बाईनं दोन्ही बॅगा खाली ठेवल्या आणि ती कंबरेवर हात देऊन हसायला लागली.

"आई, तुम्ही नोकरी मागा इथं."

"दिली असती तर घेतली असती गं. पण मला परत जायचंय."

चौदा तास गेले कसेबसे. खिडकीबाहेर सूर्य एकाच जागी खिळल्यासारखा होता. तिकीटवाल्याचं बोलणं खरं निघालं. दिवस संपायला तयार नव्हता. मावशी अधूनमधून उठून मधल्या वाटेत चालत होती. ड्रायव्हरच्या सीटपाशी आली, की त्याला पाय हलवायला लावत होती.

शेवटच्या विमानतळावर पुन्हा तिच्या नावाची खुर्ची आली. या वेळी वाद झाला नाही. ड्रायव्हर आपण होऊन पुढं झाला आणि पाठ करून उभा राहिला. "सवय लागली," तो म्हणाला. इथला खुर्चीवाला पोट सुटलेला होता. बॅगा घेऊन निवांत मागून आला. कुणी काही विचारलं नाही.

बाहेर कठड्यापाशी मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात उभी होती. मुलगा बाहेर येणाऱ्या खुर्च्या तेवढ्या पाहत होता. एक आली, दुसरी आली. तिसरीत कुणी उंच म्हातारा होता, म्हणून त्यानं नजर पुढं नेली.

"बाबा, आजी!" नात ओरडली. "आजी तर ढकलतेय!"

ड्रायव्हरचा मुलगा धावत आला. ड्रायव्हरनं त्याला आधीच सांगून टाकलं, "बोलू नकोस काही. परतीला खुर्ची सांग. आणि या ताई ज्या दिवशी जातील, त्याच दिवसाचं तिकीट बघ." मग त्यानं मावशीला हात जोडले. "ताई, गाडी मस्त चालवता. पण रिव्हर्स मला अजून पटलेला नाही."

तो गेला. मावशी आपल्या मुलासमोर उभी राहिली. हातात आता दांडे नव्हते. तिनं पाय जरा फाकवून तोल सावरला.

"आई, तू खुर्ची का ढकलत होतीस?"

"तूच सांगितली होतीस ना? वाया कशाला घालवायची?"

मुलाचा चेहरा उतरला. "मला काळजी वाटत होती."

"काळजी वाटत होती, का जिंकायचं होतं?"

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं नजर दुसरीकडे वळवली. "दोन्ही," तो शेवटी म्हणाला.

"बरं केलंस, खरं बोललास. आता माझंही ऐक. मधल्या ठिकाणी माझी कंबर धरली होती. मी खुर्चीला टेकले. ती नसती तर मला वाटत नाही मी पोचले असते. हे तुला कधी कळलं नसतं, पण शब्द दिला होता म्हणून सांगते."

"मग?" मुलगा सावकाश म्हणाला. "मग कोण जिंकलं?"

"टेकले मी, बसले नाही. आणि टेकायला मला काहीतरी लागतं, हे मी कुठं नाकारलंय? तिकडे अख्खी गल्ली आहे टेकायला. ती माझ्या दारावर थाप मारते, मी तिला टेकते. इथं मला तुझ्या सोफ्यावर बसवून ठेवशील, गरम चहा देशील, आणि वर्षभरात मला खरोखर खुर्ची लागेल. लाव फोन."

"कुणाला?"

"घरमालकाला. तुझ्या तोंडानं सांग, खोली राहणार म्हणून."

"आई, तिकडे पहाट आहे आत्ता!"

"असू दे. इतके दिवस टपून बसलाय, जागाच असेल."

मुलानं फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. मावशी हलली नाही. सून म्हणाली, "घरी जाऊन लावू या ना," पण मावशीनं मान हलवली आणि नातीला जवळ घेऊन तिथंच उभी राहिली. तिसऱ्यांदा पलीकडून झोपेतला, वैतागलेला आवाज आला. मुलगा खोकला आणि म्हणाला, "हो, मीच. ते खोलीचं… नाही, नाही सोडत. आई परत येणार आहे." पलीकडचं बोलणं लांबलं, तसा त्याचा आवाज आईसारखा चढला. "कधी म्हणजे? तीन महिन्यांनी. आणि मधल्या काळात कुलपाला हात लावायचा नाही!"

"आता कसं," मावशी म्हणाली आणि गाडीकडे चालायला लागली. चाल जरा वाकडी होती. मुलगा आधार द्यायला पुढं झाला. तिनं त्याचा हात धरला, आपला धरू दिला नाही.

तीन महिने तिनं नातीला शाळेत नेलं-आणलं, ती सुनेशी दोनदा भांडली, चारदा हसली, आणि तिनं शिवणवालीला दर आठवड्याला फोन करून गल्लीत कोण आजारी आहे ते विचारून घेतलं. परतीच्या आदल्या आठवड्यात मुलगा संगणकासमोर बसून तिच्या तिकिटाचं पाहत होता. बराच वेळ त्याचं बोट एका जागी थांबलं होतं.

"आई, इथं विचारतायत. व्हीलचेअर हवी का, म्हणून." त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "काय सांगू? नको ना?"

मावशी खिडकीशी बसून गार झालेला चहा पीत होती.

"हवी म्हण," ती म्हणाली. "कुणीतरी भेटेलच बसणारं."